चार फुटी रोटाव्हेटर, केजव्हील आणि आमची खाचरं : तीन पावसाळे वापरल्यावर

मी राहते ऐरोलीला आणि शेत आहे मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. अडीच एकर, म्हणजे १०० गुंठे. ऐकायला एक सलग तुकडा वाटतो पण प्रत्यक्षात ती बावीस खाचरं आहेत, सगळ्यात मोठं साडेनऊ गुंठ्यांचं आणि सगळ्यात लहान सव्वा गुंठ्याचं, आणि दोन खाचरांच्या मधे कुठे गुडघ्याएवढा तर कुठे मांडीएवढा बांध. हे आधीच सांगते कारण पुढे मी जे काय लिहिणार आहे ते सगळं या बांधांमुळे आहे. अवजारांबद्दल बघायला गेलं की बहुतेक माहिती घाटावरच्या सलग वावरांची मिळते, ती वाचून आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरासाठी खरेदी केली की चुकतं. आमचंही थोडं चुकलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

काकांचे गुडघे गेले तेव्हा बैलजोडी विकली. ती जोडी म्हसाच्या जत्रेतून आणली होती, पौष पौर्णिमेला भरते ती, त्यामुळे काकांना फार लागलं होतं. त्यानंतर दोन वर्षं भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. तो ४५-५० एचपीचा, मागे सहा फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती कालवणारं अवजार. काम झटपट व्हायचं पण प्रत्येक खाचरात शिरताना बांध फुटायचा, कोपरे तसेच राहायचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आपल्याला हवा तेव्हा कधीच यायचा नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची चिखलणी, म्हणजे पाणी भरून खाचराचा चिखल करणं, एकदमच असते ना. राबातली (रोपवाटिकेतली) रोपं तयार, आवणीला (रोपं लावायला) बायका ठरवलेल्या, आणि ट्रॅक्टर वरच्या पाड्यावर अडकलेला. रोप पंचवीस दिवसांच्या पुढे गेलं की काकी दर सकाळी राबाकडे बघून यायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. मग २०२३ ला मी आणि काकांनी मिळून २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्याबरोबर चार फुटी रोटाव्हेटर, पाच दात्यांचा कल्टिव्हेटर, चिखल सपाट करायची फळी आणि नंतर केजव्हील, म्हणजे चिखलात पकड देणारी लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं. ट्रॅक्टरबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलंय. अवजारांवर कोणी धड लिहीत नाही, आणि खरं तर शेतात काम अवजार करतं, ट्रॅक्टर त्याला फक्त फिरवतो.

आधी मापाचं. दुकानात गेलो (नाव घेत नाही) तर तिथले भाऊ पाच फुटीच घ्या म्हणून मागे लागले. त्यांचं म्हणणं, किमतीत फार फरक नाही, उद्या मोठा ट्रॅक्टर घेतलात तर उपयोगी पडेल, आणि एका फेरीत जास्त जमीन होते. हिशेब मी तिथेच मोबाईलवर केला. चार फुटी म्हणजे १.२ मीटर रुंदी, चिखलात ताशी अडीच किलोमीटर धरा, म्हणजे तासाला ३००० चौरस मीटर, गुंठ्यात साधारण ३०. हे न थांबता सरळ रेषेत गेलं तर. पाच फुटीचे याच वेगाने ३७ गुंठे होतात. पण सरळ रेषेत जायला खाचर कुठे आहे इतकं लांब? तीन-चार गुंठ्यांच्या खाचरात निम्मा वेळ वळण्यात, उचलण्यात आणि बांध ओलांडण्यात जातो. आमचे प्रत्यक्षात तासाला १५-१६ गुंठे होतात, तीन पावसाळे वहीत लिहून ठेवलंय. पाच फुटी असता तर वळायला आणखी जागा लागली असती, कोपऱ्यात आणखी जास्त सुटलं असतं, आणि २४ एचपीला चिकट मातीत तो ओढताना इंजिन दबलं असतं. मग गिअर खाली टाकावा लागतो आणि ते वरचे सात गुंठे तिथेच संपले.

दुसरं म्हणजे वजन. मिनी ट्रॅक्टरची उचलायची ताकद आमच्या पुस्तकात ७५० किलो दिली आहे, आणि रोटाव्हेटरचं वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं, म्हणून वाटतं काय अडचण आहे. पण ते वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. बांधावर चढताना पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग लागतच नाही, हातात नुसतं फिरतं. पहिल्या वर्षी काकांचं असं झालं, तोंड भलतीकडेच गेलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, बांध नेहमी काटकोनात ओलांडायचा, दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत, तिरका कधीच नाही, आणि उंच बांधावर चढायचं असेल तर रिव्हर्समध्ये चढायचं, उतरताना पुढे तोंड करून उतरायचं. रोटाव्हेटर लागेल तेवढाच उचलायचा, पार वर नाही.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही पण घेण्याआधी टेप घेऊन स्वतः मोजा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांची बाहेरून बाहेर रुंदी किती आणि रोटाव्हेटरची किती. रोटाव्हेटर दोन्ही बाजूंनी थोडा तरी बाहेर यायला पाहिजे, नाहीतर टायरने दाबलेली पट्टी मागे तशीच कडक राहते. टायर थोडे बाहेर असतील तर अवजार एका बाजूला सरकवून बसवता येतं, मग निदान बांधालगतची बाजू पूर्ण मिळते, बांधाकडची बाजू तीच ठेवून फिरायचं. आमचा चार फुटी दोन्हीकडे चार-चार बोटं बाहेर येतो. या एका गोष्टीवर मी त्याला पूर्ण मार्क देते.

आता जे चुकलं ते. पीटीओ शाफ्ट. ट्रॅक्टरच्या मागून फिरतं टोक येतं ना, मिनिटाला ५४० फेऱ्यांचं, तिथून रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सपर्यंत जो दांडा जातो तो. तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो कारण अवजार वरखाली झालं की अंतर कमीजास्त होतं. कंपनीकडून तो मोठ्या मापाचा येतो आणि आपल्या ट्रॅक्टरला लावताना मापून कापायचा असतो. दुकानाने कापला नाही. माणूस आला, खटाखट लावला, पाच मिनिटं फिरवून दाखवला, सही घेतली, गेला. सपाटीवर नीट चाललं. पहिल्याच बांधावर रोटाव्हेटर उचलला आणि नळी पूर्ण आत जाऊन ठोकली गेली, ट्रॅक्टरच्या मागून कडकन आवाज आला. दोन दिवसांनी पीटीओच्या सीलमधून तेल टपकायला लागलं. ऐन चिखलणीत चार दिवस ट्रॅक्टर उभा. दुकानाला फोन केला तर म्हणे तुम्ही चालवताना चुकलात. शेवटी बाहेरच्या मेकॅनिकने सील बदललं आणि शाफ्ट मापून कापून दिला, आणि त्यानेच मला समजावलं. अवजार वरखाली करून दोन टोकं सगळ्यात जवळ कुठे येतात ते बघायचं, तेव्हासुद्धा नळीला आत जायला निदान इंचभर जागा उरली पाहिजे. आणि काम करताना दोन्ही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी बसलेल्या हव्यात, नाहीतर वाकतात किंवा निसटतात. दोन्ही नळ्या सारख्या मापाने कापायच्या, वरचं प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा तेवढंच, मग कानस मारून ग्रीस लावायचं. शिवाय दोन्ही टोकांचे कान एका रेषेत पाहिजेत, एक आडवा एक उभा लागला की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला तुकडा) लवकर जातो. हे सगळं डिलिव्हरीच्या दिवशी तुमच्यासमोर, अवजार वरखाली करून करून घ्या. सही त्यानंतर.

आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर. कृपा करून काढू नका. आमच्या भागात दहातल्या आठ रोटाव्हेटरना ते नसतं, फुटलं की कोणी बदलत नाही. २०२४ च्या पावसात काका ट्रॅक्टर चालू ठेवून मागे काही अडकलंय का बघायला वाकले, खांद्यावरच्या टॉवेलचं टोक शाफ्टकडे गेलं आणि डोळ्यांसमोर तो टॉवेल ओढला गेला. खांद्यावर नुसता टाकलेला होता म्हणून सुटला. गळ्याभोवती गुंडाळलेला असता तर? मिनिटाला ५४० म्हणजे एका सेकंदात नऊ वेढे, हात मागे घ्यायला वेळ कुठून मिळणार. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत खाचरात दहा-बारा बाया असतात, साड्यांचे पदर, डोक्यावरची इरली, प्लॅस्टिकचे कागद, आणि पोरंटोरं बांधावर. त्या दिवसापासून पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मगच मागे जायचं. काकी स्वतः बांधावर उभ्या राहून बघतात. कव्हर एकदा फुटलं, नवीन मागवलं, शाफ्टच्या मानाने किंमत काहीच नाही. घेताना दुकानात कव्हर आणि त्याच्या दोन साखळ्या आहेत का ते बघा, साखळी बांधली नसेल तर कव्हरच शाफ्टबरोबर फिरतं आणि मग ते असून नसल्यासारखं.

रोटाव्हेटरच्या पात्यांबद्दल. बहुतेक वेळा एल आकाराची पाती लावून येतात, ती कोरड्यात आणि काडीकचऱ्यात चांगली. चिखलासाठी जे आकाराची मिळतात, चिखल कमी चिकटतो आणि ट्रॅक्टरवर जोर कमी येतो. सी आकाराची जरा कडक भारी जमिनीला. आम्ही पहिल्या वर्षी एल वरच चिखलणी केली, झाली, वाईट नाही, पण गवताचे दोर गुंडाळले जायचे. दुसऱ्या वर्षी जे लावली, फरक कळला. पाती डावी-उजवी असतात, बसवताना धारेची बाजू फिरायच्या दिशेला आली पाहिजे, आमच्या गड्याने दोन उलटी बसवली होती आणि सगळा रोटाव्हेटर हादरत होता. नवीन असताना पहिल्या तीन-चार तासांनी सगळे बोल्ट परत आवळा, हे खरंच करा. आणि रोटाव्हेटर जमिनीत असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, झटक्यात वळायचंही नाही, आधी उचला मग वळा. लहान खाचरात हा मोह फार होतो.

भातशेतीवाल्यांनी मात्र पात्यांच्याही आधी सील बघावं. रोटाव्हेटरचा खालचा फिरणारा रोटर दोन्ही टोकांना बेअरिंगवर असतो, आणि चिखलणीत ती बेअरिंग दिवसभर चिखलाच्या पाण्यात बुडालेली असतात. साधं सील असलं की गाळ आत जातो आणि पुढच्या हंगामात बेअरिंग खुळखुळायला लागतं. चिखलाच्या कामासाठी वेगळं, जास्त पदरांचं सील येतं, दुकानदाराला सरळ विचारा की हा चिखलणीला चालतो का आणि बिलाबरोबर तसं लिहून देता का. आमच्यात ते आहे तरी डावीकडचं एकदा बदलावं लागलं, कारण खताच्या गोणीची प्लॅस्टिकची सुतळी रोटरला गुंडाळली जाऊन टोकाला सरकली आणि सील कापलं. तेव्हापासून दर संध्याकाळी विळा घेऊन रोटर साफ करायचा आणि शेतात एकही गोणीचा दोरा टाकायचा नाही. साइडची गती साखळीने जाते की गिअरने हेही बघा, आमचा गिअरवाला आहे, थोडा महाग पडला पण दगड लागला तर भीती कमी वाटते. गिअरबॉक्सला ९० नंबरचं तेल, पातळी दर आठवड्याला बघायची. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर समजा पाणी शिरलंय, तसंच चालवू नका.

केजव्हील आम्ही पहिल्या वर्षी घेतलीच नव्हती, दुकानदार म्हणाला फोर व्हील आहे, गरज नाही. वरच्या माळाच्या खाचरांना खरंच लागली नाहीत. पण ओढ्यालगतची पाच खाचरं आहेत, तिथला चिखल खोल आहे, तिथे ट्रॅक्टर पोटापर्यंत बसला. बाहेर काढायला गावातले चारजण आले, एकाने साखळी टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवायला घेतली, काकांनी ओरडून थांबवलं. वरती बांधून ओढ लागली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे चालवणाऱ्यावर पालथा होतो, साखळी नेहमी खाली हुकालाच. तसंच फसलेल्या मागच्या चाकाला लाकूड बांधून पुढे काढायचा उपाय कोणी सुचवला तर नको म्हणा, चाक अडकलं की तोच प्रकार होतो. अवजार सोडवा, पाणी काढा, चाकामागे खणा, मागे या. वेळ गेला तर जाऊ दे.

मग अर्धी केजव्हील करून घेतली, टायरच्या बाहेरून बोल्टने लागतात ती. मुरबाडच्या बाजूच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, त्याचं काम एकदम चोख. त्याने स्वतःहून व्यास टायरपेक्षा थोडा कमी ठेवला, म्हणजे कडक जमिनीवर लोखंड टेकत नाही आणि टायर रुतला की मगच पकडतं. टायर काढून जागेवर पूर्ण लोखंडी चाकं लावायची पद्धतसुद्धा आहे, ओढ जबरदस्त, पण डांबरी रस्त्यावर ती घेऊन जाता येत नाही, रस्ता उखडतो. आमचं शेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे म्हणून अर्धीच बरी. एक गोष्ट लक्षात ठेवा, केजव्हील लावल्यावर ट्रॅक्टरची रुंदी वाढते, मग बांधातली वाट तेवढी रुंद पाहिजे, आणि रोटाव्हेटर आता चाकांच्या खुणा पूर्ण झाकत नाही. चिखलात चालून जातं कारण मागून फळी फिरवतो.

चिखलणीची पद्धत सांगते, प्रत्येकाची वेगळी असेल. खाचरात चार बोटं पाणी, जास्त झालं की पाती नुसती पाणी उडवतात आणि कमी असलं की माती चिकटते. लो गिअर, दोन हात (फेऱ्या), एक उभा एक आडवा, दुसऱ्या हाताला मागचा पत्रा खाली सोडायचा म्हणजे जरा सारखं होतं. मग फळी. दोन हात धरून १०० गुंठ्यांना आम्हाला साडेबारा-तेरा तास लागतात, डिझेल तासाला तीन लिटरच्या आसपास, म्हणजे एकूण ४० लिटर. भाड्याने तेवढ्याच तासांचे पैसे द्यायचो ते धरले तर मशिनची किंमत कित्येक वर्षं वसूल होणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. ज्यांना भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळतो आणि बांध सांभाळणारा माणूस चालवतो, त्यांनी अडीच एकरासाठी घेऊच नये. आम्हाला वेळ विकत घ्यायची होती. पहिल्या वर्षी ट्रॅक्टर उभा राहिला ते चार दिवस धरूनही तिन्ही वर्षं आमची आवणी वेळेत झाली, रोप एकदाही म्हातारं झालं नाही. शेजारच्या दोन घरांची चिखलणीही आम्हीच करतो, त्यातून थोडा हातभार लागतो.

रोटाव्हेटरबद्दल एक तक्रार आहे पण ती मशिनची नाही, आपल्या वापराची आहे. दरवर्षी त्याच चार-पाच इंच खोलीवर फिरवून खाली माती दाबली जाते, कडक थर तयार होतो. भाताला तो चालतो, उलट पाणी धरून ठेवतो म्हणून हवासा असतो. पण भात काढल्यावर आपण त्याच ओलीवर वाल टाकतो, हरभरा टाकतो, काहीजण भेंडी करतात, त्या मुळांना खाली जायला वाट लागते. २०२४ च्या हिवाळ्यात वालाची झाडं पिवळी पडायला लागली, उपटून बघितलं तर मूळ खाली जाऊन आडवं वळलेलं. म्हणून आता भातानंतर वालाच्या खाचरात रोटाव्हेटर अजिबात नाही, कल्टिव्हेटर. स्प्रिंगवाला पाच दात्यांचा, दगड लागला की दाता मागे जातो आणि परत येतो, आमच्या मुरमाड कडेच्या खाचरांना हाच पाहिजे होता. तोसुद्धा वाफसा आल्यावरच. हातात माती घेऊन मूठ वळायची, सोडल्यावर फुटली पाहिजे, गोळा राहिला तर घरी जा. ओल्यात एक दिवस घाई केली त्याची ढेकळं आम्ही फेब्रुवारीपर्यंत फोडत होतो. या कल्टिव्हेटरला मी रोटाव्हेटरपेक्षा जास्त मानते, त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, डिझेल कमी, किंमत कमी, आणि जमीन मोकळी होते. कोणाकडे थोडेच पैसे असतील तर हा आधी घ्या आणि चिखलणी भाड्याने करा.

पलटी नांगर घ्यायचा का असं खूपजण विचारतात. आपल्या खाचराला नको. मोठे दोन फाळांचे नांगर २४ एचपीचं कामच नाही, आणि एक फाळाचा छोटा मिळतो पण तो खालची पिवळी मुरमाड माती वर आणतो आणि नांगराचे तास (चर) उघडे राहून खाचराची सपाटी बिघडते. भातात दोन-तीन इंचाचा उंचसखलपणा आला की एका कडेचं रोप बुडतं आणि दुसऱ्या कडेला गवत माजतं. त्यापेक्षा फळीवर खर्च करा. आमची पाच फुटाची लोखंडी फळी गावातच वेल्डिंग करून घेतलेली आहे.

ट्रॉली आम्ही घेतली नाही, लागते तेव्हा मागून आणतो. मळणी यंत्रसुद्धा भाड्याचं, काकांना पेंढा लांब आणि अख्खा पाहिजे असतो, म्हणून फक्त लोंबी आत धरून झोडणारंच मशिन बोलावतात. वर्षातून दोन दिवसांच्या कामासाठी गोठ्यात एक धूड कशाला उभं करायचं.

आता एक वेगळाच मुद्दा. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेलं सगुणा राइस तंत्र, एसआरटी, तुम्ही ऐकलं असेलच. त्यात कायमचे गादीवाफे करतात, मध्यापासून मध्यापर्यंत १३६ सेंटीमीटर, त्यावर साच्याने टोकण, नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. आमच्या शेजारच्या दादांनी वीस गुंठ्यांवर केलंय. त्या वीस गुंठ्यांना ट्रॅक्टर लागला तो फक्त एकदा, वाफे पाडायला. पुढे मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यांच्या वाफ्यांवर गांडुळांची विष्ठा दिसते, आमच्या खाचरात तेवढी दिसत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तणनाशकाचा प्रश्न आहे आणि ओढ्यालगतच्या खोल चिखलाच्या खाचरात ते जमेल असं काकांना वाटत नाही. पण तुम्ही रोटाव्हेटर घ्यायच्या विचारात असाल तर आधी एसआरटी केलेलं एखादं शेत जाऊन बघा, कदाचित तुमची अर्धी खरेदी वाचेल. आम्ही यंदा माळावरच्या चार खाचरांत करतोय.

अनुदानाबद्दल थोडक्यात. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) अर्ज केला, सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून महिला शेतकरी म्हणून ५० टक्क्यांच्या गटात बसले. अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातींनाही तेवढंच, बाकीच्यांना ४० टक्के, आणि वरची मर्यादा ठरलेली असते त्यामुळे बिलाच्या निम्मे मिळतील असं धरू नका. सगळ्यात महत्त्वाचं, पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत काहीही खरेदी करायचं नाही, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आमच्या गावात एकाचं याच कारणाने गेलं. पैसे नंतर खात्यात येतात, म्हणजे आधी पूर्ण रक्कम आपणच उभी करायची. आता फार्मर आयडी पण लागतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या छापील दरपत्रकावर कोणी भाव सांगत असेल तर नवीन मागून घ्या.

दुकान निवडताना मी आता काय बघेन तर भाव नाही. ऐरोलीहून शनिवारी पहाटे निघायचं, शिळफाटा, कल्याण, शहाडचा पूल, रायते, तिथपर्यंतच दोन तास जातात, आणि शेतावर पोचल्यावर कळतं क्रॉस गेलाय. अशा वेळी क्रॉस, पाती, बोल्ट, सील हे मुरबाडमध्ये मिळतं का हाच प्रश्न असतो. आमच्या रोटाव्हेटरचं सील कल्याणला नव्हतं, भिवंडीला नव्हतं, पाच दिवसांनी आलं. म्हणून घेतानाच एक क्रॉस, एक सील जोड, दहा पाती आणि त्यांचे बोल्ट बरोबर घ्या. आणि मेकॅनिक शेतावर येतो का, पावसातसुद्धा येतो का, ते त्याच दुकानातून घेतलेल्या दोन शेतकऱ्यांना विचारा, दुकानदाराला विचारून उपयोग नाही.

मार्क द्यायचेच तर चार फुटी रोटाव्हेटर पाचपैकी चार, एक सीलचा कापला. कल्टिव्हेटर पाच. अर्धी केजव्हील पाच. दुकानाची सेवा एक, तोही कारण कल्टिव्हेटरचा वाकलेला दाता त्यांनी न भांडता बदलून दिला.

आणि ते सव्वा गुंठ्याचं खाचर राहिलंच. ऐनाच्या झाडाखाली आहे, तीन बाजूंनी उंच बांध, आत शिरायला बैलाच्या पायाएवढीच वाट. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं वाट मोठी करू म्हणजे ट्रॅक्टर जाईल. काका म्हणाले, "बाय, तो बांध माझ्या आज्याने घातलाय, दगड बघ कसे बसवलेत." मी टेप लावून मोजलं, वाट रुंद करायला बांधाचे सात फूट पाडावे लागले असते, आणि ट्रॅक्टर आत गेला तरी वळला नसता. ते खाचर शेजारच्या दादांच्या बैलजोडीने होतं, अर्ध्या तासात, बदल्यात आम्ही त्यांच्या पाच खाचरांची चिखलणी करून देतो. काकीला तिथलाच भात लागतो, कर्जत-३, घरी खायला वेगळा ठेवतात.